लेकराला रक्त चढवायचे: कधी, कसे आणि घरी आल्यावर काय?

या महिन्याचा आरोग्याचा धडा लहान मुलांच्या अंगातल्या रक्ताबद्दल आहे. वस्तीतल्या बैठकीत आयाबाया आम्हाला नेहमी दोन प्रश्न विचारतात. पहिला: "ताई, पोरगं पांढरं पडलंय, रक्ताची बाटली लावायला सांगू का?" दुसरा याच्या उलटा: "डॉक्टर रक्त चढवायचं म्हणतात. दुसऱ्याचं रक्त नको, काही आजार लागेल. नाही म्हणू का?" पहिल्या घरात गरज नसताना बाटलीसाठी भांडण होते. दुसऱ्या घरात गरज असताना वेळ जातो. म्हणून आधी आम्ही पाहिलेल्या दोन लेकरांची हकीकत सांगतो.

वॉर्डात रात्रपाळी करत असताना दीड वर्षाची एक मुलगी आली. आईबाप दगडखाणीवर कामाला. चार दिवस ताप होता. वस्तीजवळच्या एका दवाखान्यात तिला दोन दिवस लाल सलाईन लावली होती, "रक्त वाढेल" असे सांगून. आमच्याकडे आली तेव्हा हिमोग्लोबिन ३.६ होते. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखाली खड्डे पडत होते, अंगावर पिण्याचीही ताकद नव्हती. तिथे रक्तपेढी नव्हती. बापाच्या हातात चिठ्ठी आणि नळी देऊन त्याला रात्री बारा वाजता बाहेर पाठवले गेले. एका ठिकाणी बदली रक्तदाता मागितला, दुसऱ्या ठिकाणी तो गट नव्हता. पहाटे तो पिशवी घेऊन धावत आला, तेव्हा मुलगी जाऊन तास झाला होता.

दुसरा मुलगा तीन वर्षांचा. हिमोग्लोबिन ६.१. चेहरा पिवळट पांढरा, पण पोरगा कॉटवर उड्या मारत होता आणि बिस्किट खात होता. डॉक्टर म्हणाले, आज रक्त नको, दाखल ठेवून लक्ष ठेवू. घरचे चिडले. "आम्ही झोपडपट्टीतले म्हणून रक्त देत नाही का?" असे त्याचा काका ओरडला. आमच्या लोकांना इतक्या वेळा नाकारलेले असते की हा संशय येणारच, त्यात त्याची चूक नव्हती. पण डॉक्टरचे बरोबर होते. दोन दिवस मुलाला पाहिले, तपासण्या केल्या, लोहाचे औषध सुरू केले. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १० च्या वर गेले होते.

या दोन लेकरांमधला फरक ओळखता आला की आजचा धडा समजला.

रक्ताचे काम काय?

श्वासातला ऑक्सिजन उचलून मेंदू, हृदय, हातपाय सगळीकडे पोहोचवायची हमाली रक्तातल्या लाल पेशी करतात. त्या पेशींतला माल वाहणारा पदार्थ म्हणजे हिमोग्लोबिन. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ते ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात. ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय, आणि त्या मुलाला रुग्णालयातच दाखवायचे.

हे दुखणे थोड्यांचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली महाराष्ट्रातली या वयाची ५३.८ टक्के मुले रक्तक्षयी निघाली होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ६८.९ टक्के झाली. म्हणजे दहातली सात मुले. बहुतेकांना रक्त चढवायची गरज नसते. लोह, नीट आहार आणि जंताचे औषध यांनी ती बरी होतात. पण त्यातली मूठभर मुले खूप खाली घसरतात, आणि त्यांच्यासाठी एकेक तास मोलाचा असतो.

कोणत्या मुलाला रक्त लागते?

नुसता आकडा पाहून ठरत नाही. आकडा आणि मूल दोन्ही पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे. हिमोग्लोबिन ४ च्या खाली असेल तर रक्त द्या. ४ ते ६ च्या मध्ये असेल तर धोक्याची खूण आहे का ते पाहा. धाप, गुंगी किंवा बेशुद्धी, हातपाय गार पडणे, हृदयावर ताण येणे, यातले काही असेल तर रक्त द्या. काही नसेल तर मुलाला नजरेखाली ठेवा.

घरी तपासणी यंत्र नसते, पण आईचे डोळे असतात. मुलाचा तळहात आपल्या तळहाताशेजारी धरून उजेडात पाहा. तो कागदासारखा पांढरा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मग अंगातले कपडे वर करून मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर तो वेगाचा श्वास आहे. पांढरा तळहात आणि सोबत वेगाचा श्वास, छातीखाली खड्डा, कण्हणे, दूध-पाणी न पिणे किंवा जागे न होणे, यातले काहीही असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन लावा, नाही तर रिक्षा करा.

उशिरा आलेले रक्त

केनियाच्या पश्चिम भागात सियाया नावाचे जिल्हा रुग्णालय आहे. तिथे दाखल झालेल्या २,४३३ मुलांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. चारातल्या एकाहून जास्त मुलांचे हिमोग्लोबिन ५ च्याही खाली होते. रक्त मिळाल्याने कोण वाचले ते डॉक्टरांनी तपासले. फार कमी हिमोग्लोबिन आणि धाप असलेली मुले रक्ताने वाचत होती, पण ते दाखल झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत मिळाले तरच. त्यानंतर दिलेल्या रक्ताचा जीव वाचवायला फायदा दिसला नाही. रक्त तेच होते, वेळ निघून गेली होती. तो अभ्यास वाचताना आम्हाला पहाटे पिशवी घेऊन आलेला तो बाप आठवला.

दुसरा अभ्यास २०१९ चा, युगांडा आणि मलावीतला. हिमोग्लोबिन ४ ते ६ असलेली, पण धाप किंवा गुंगी नसलेली १,५६५ मुले त्यात होती. निम्म्यांना लगेच रक्त दिले. उरलेल्यांना दाखल ठेवून लक्ष ठेवले आणि बिघडली किंवा हिमोग्लोबिन ४ च्या खाली गेले तरच रक्त दिले. २८ दिवसांत पहिल्या गटात ७ आणि दुसऱ्या गटात १३ मुले दगावली. एवढ्या फरकावरून लगेच रक्त देणे सरस ठरले असे म्हणता येत नाही. थांबवलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना रक्त लागलेच नाही.

म्हणून डॉक्टर "थांबू" म्हणाले तर तो दरवेळी दुजाभाव नसतो. पण एक अट नीट लक्षात घ्या. त्या मुलांना रुग्णालयात ठेवले होते, पुन्हा पुन्हा तपासले होते आणि रक्त हाताशी तयार होते. "रक्त नको, घरी घेऊन जा" आणि "रक्त नको, इथेच ठेवून बघू" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ५-६ हिमोग्लोबिनच्या मुलाला कुणी तसेच घरी पाठवत असेल तर शांतपणे विचारा: "याला कोण बघणार? बिघडलं तर रक्त कुठून येणार?"

लाल सलाईन म्हणजे रक्त नव्हे

सलाईन म्हणजे मीठ-पाणी. त्यात जीवनसत्त्वाचे इंजेक्शन टाकले की रंग बदलतो, पण लाल पेशी एकही वाढत नाही. जुलाबाने सुकलेल्या मुलाला सलाईन जीवदान देते, तिथे ती हवीच. पण रक्त फार कमी असलेल्या, धाप लागलेल्या मुलाच्या अंगात पाणी भरले तर उरलेले रक्त पातळ होते आणि दमलेल्या हृदयावर ओझे पडते. आफ्रिकेतल्या तीन देशांतल्या ३,१४१ तापाने अत्यवस्थ मुलांवर झालेल्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात भराभर सलाईन दिलेली मुले ती न दिलेल्यांपेक्षा जास्त दगावली. त्यातल्या बऱ्याच मुलांना तीव्र रक्तक्षय होता. तेव्हा पांढऱ्या पडलेल्या लेकराला "ताकदीची सलाईन" लावण्यात दोन दिवस आणि हजार रुपये घालवू नका.

पिशवी आल्यावर आईने काय पाहायचे?

मुलाला पूर्ण बाटली लागत नाही. वजनावर हिशोब असतो. साधारणपणे एका किलोला २० मिलिलिटर रक्त, किंवा नुसत्या लाल पेशी असतील तर १० मिलिलिटर, तीन-चार तासांत. आठ किलोच्या मुलाला लाल पेशी ८० मिलिलिटरच पुरतात. "अर्धी पिशवी फेकली" म्हणून वाद घालू नका. जास्त रक्त म्हणजे जास्त फायदा असे नसते, उलट धाप वाढू शकते. कुपोषित मुलाला तर आणखी कमी आणि सावकाश द्यावे लागते.

रक्त लावण्याआधी नर्स मुलाचे नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट आणि पिशवीवरची मुदत मोठ्याने ताडून पाहते. तुम्हीही कान देऊन ऐका, नाव चुकले तर लगेच सांगा. पहिली पंधरा मिनिटे मुलाजवळून हलू नका. थंडी वाजणे, ताप, अंगावर गांधी, पाठ दुखणे, धाप वाढणे, लघवी लाल-काळी होणे, यातले काही दिसले तर नर्सला हाक मारा. ती पहिल्यांदा रक्त बंद करेल, मग डॉक्टरला बोलावेल. फ्रीजमधून काढलेली पिशवी चार तासांच्या आत संपवायची असते. ती पदराखाली धरून किंवा गरम पाण्यात घालून कोमट करू नका.

आजार लागेल या भीतीबद्दल. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरियासाठी तपासणी करणे कायद्याने सक्तीचे आहे. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून देशभर बंदी आहे. धोका अगदी शून्य होत नाही, म्हणूनच गरज नसताना रक्त घ्यायचे नाही. पण ३.६ हिमोग्लोबिनच्या धापणाऱ्या लेकरासमोर तो धोका फार लहान आहे. तिथे नाही म्हणू नका.

आणखी एक गैरसमज. "माझंच रक्त माझ्या पोराला द्या," असे बाप म्हणतो. त्याची माया आम्हाला समजते. पण आईबाप, भाऊ अशा जवळच्या नात्यातले रक्त थेट देणे टाळतात, कारण क्वचित त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुलाच्या शरीरावरच उलटतात. म्हणून तुमचे रक्त पेढीत जमा होते आणि मुलाला दुसऱ्याचे मिळते. ही फसवणूक नाही. पिशवीवर गट लिहिलेला असतो, जात लिहिलेली नसते. रक्ताच्या शुद्धतेवर जात उभी आहे हा दावा बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिभेद निर्मूलन' मध्ये खोडून काढला होता. रक्तपेढीत त्याची रोज प्रचिती येते.

सिकलसेल: रक्त देण्याआधी नमुना

आपल्या वाचकांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. दिघा, रबाळे, तुर्भे इथल्या वस्त्यांत विदर्भातून आलेली बरीच घरे आहेत. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल जास्त आढळतो. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच याची नोंद प्रसिद्ध केली होती. हे कुणाचे पाप नाही आणि जातीचा दोषही नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा गुण टिकला, कारण एका पालकाकडून तो आलेल्या माणसाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. आफ्रिकेत आणि भूमध्य समुद्राकाठीही हेच घडले. दोन्ही पालकांकडून आला की मात्र आजार होतो.

सिकलसेलच्या मुलाचे हिमोग्लोबिन नेहमीच ७-८ असू शकते. त्याला प्रत्येक वेळी रक्त चढवायचे नसते. पण अशा मुलाच्या पोटात डावीकडे अचानक गाठ आल्यासारखी वाटली आणि मूल काही तासांत पांढरे पडले, तर प्लीहेत रक्त अडकले आहे असे समजून धावत रुग्णालय गाठा. तिथे रक्त लागते, तेही थोडे थोडे.

म्हणून रक्त लावण्याआधी एक वाक्य पाठ करा: "सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या तपासणीसाठी नमुना आधी घेतला का?" एकदा दुसऱ्याचे रक्त मिसळले की तीन-चार महिने तपासणीचा निकाल नीट कळत नाही. आजार न कळताच मूल घरी जाते आणि पुन्हा तसेच आजारी पडून येते. या तपासणीचे काम करणारी राष्ट्रीय संस्था परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मुंबई महापालिकेचे खास केंद्र बोरिवलीला आहे.

सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या रुग्णांकडून रक्ताचे पैसे किंवा बदली रक्तदाता मागायचा नाही, हे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे धोरण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे तिन्ही आजार धरलेले आहेत, प्रमाणपत्र काढून घ्या. बाकी कुणाकडूनही रक्ताची किंमत घेता येत नाही, फक्त प्रक्रिया शुल्क घेता येते. २०२२ च्या दराप्रमाणे लाल पेशींच्या पिशवीला सरकारी पेढीत जास्तीत जास्त १,१०० आणि खासगी पेढीत १,५५० रुपये. काही खास तपासण्यांचे शुल्क वेगळे असते. पावती मागा.

घरी आल्यावर खरी लढाई

युगांडा-मलावीच्या त्या १,५६५ मुलांचा पुढचा आकडा आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. पहिल्या २८ दिवसांत दोन्ही गट मिळून २० मुले गेली. सहा महिन्यांनी मोजले तेव्हा गेलेल्यांची संख्या ८२ झाली होती. म्हणजे चारातली तीन मुले नंतरच्या महिन्यांत गेली, जेव्हा सगळ्यांना वाटत होते की संकट टळले. आपल्याकडे मलेरिया तितका नाही, तरी धडा आपल्यालाही लागू आहे. चढवलेले रक्त उसने असते. ते संपेपर्यंत शरीराने स्वतःचे बनवले पाहिजे.

सुट्टी घेताना विचारा: रक्त कशाने कमी झाले होते? कागदावर कारण लिहून घ्या. लोहाची कमतरता असेल तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेले लोहाचे औषध दोन-तीन महिने चालू ठेवा. गाल लाल झाले म्हणून थांबवू नका. लिंबू किंवा आवळ्याबरोबर द्या, चहा किंवा दुधाबरोबर नको. शी काळी होते, त्याला घाबरू नका. बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, एकदम प्यायले तर विषबाधा होते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नका. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलाच्या अंगात लोह आधीच साचत असते.

जेवणात आठवड्यातून दोनदा कलेजी, सुकट-जवळा, अंडे. ज्यांना परवडत नाही त्यांनी पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, नाचणी, वर लिंबू. दिवसभर दूध आणि चहा-बिस्किटावर ठेवलेले मूल गुबगुबीत दिसले तरी पांढरे पडते. अंगणवाडीत आठवड्यातून दोनदा मिळणारे लोहाचे सिरप आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी चुकवू नका. एका महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. साधारण एक ग्रॅमही वाढले नसेल तर औषध पोटात जात नाही किंवा कारण दुसरे आहे.

वस्तीने करायचे काम

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे रक्तदान शिबिरे होतात, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवसच टिकते. एकाच दिवशी दोनशे पिशव्या आणि मे महिन्यात गाव गाठायला गेल्यावर एकही नाही, असे झाले तर मे महिन्यातले लेकरू काय करणार? म्हणून विहारात एक वही ठेवा. १८ ते ६५ वयाचे, ४५ किलोपेक्षा जास्त वजनाचे, हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर असलेले जे कोणी आहेत त्यांची नावे, रक्तगट, फोन आणि शेवटचे रक्तदान कधी केले ते लिहा. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. मे महिना आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी वीस नावे राखून ठेवा. कोणत्या पेढीत किती साठा आहे ते सरकारच्या ई-रक्तकोष वर दिसते. ते पाहायला वस्तीतल्या दोन कॉलेजच्या मुलामुलींना शिकवा, म्हणजे मध्यरात्री चिठ्ठी घेऊन बापाला दारोदार फिरावे लागणार नाही.

संघातल्या एका आजारी भिक्खूकडे कुणी पाहत नव्हते, तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः त्याला अंघोळ घालून बिछान्यावर निजवले आणि बाकीच्यांना बजावले की तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ही गोष्ट वर्षावासात आपण ऐकतो. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर ती वही उघडा. पहिले नाव घरातल्या कर्त्या माणसाचे असू द्या.

लक्षात ठेवा

१. पांढरा तळहात आणि धाप: त्याच तासाला रुग्णालय. वाटेत सलाईन नको.
२. हिमोग्लोबिन ४ च्या खाली, किंवा ६ च्या खाली आणि धोक्याची खूण: रक्त लगेच. नाही म्हणू नका.
३. ४ ते ६ आणि मूल खेळते आहे: डॉक्टर थांबू म्हणाले तर थांबा, पण रुग्णालयातच.
४. रक्ताआधी सिकलसेल-थॅलेसेमियाचा नमुना.
५. घरी आल्यावर कारणाप्रमाणे औषध, एका महिन्याने तपासणी, सहा महिने लक्ष.